गावच्या एनसीसी पथकासाठी पालकांची समिती: पैसा कुठून आणावा आणि कोणाच्या हाती ठेवावा?

प्रश्न: कपाशीवाला (हिंगणघाट तालुका, जि. वर्धा)

सर्वांना सप्रेम नमस्कार. आमच्या गावच्या अनुदानित हायस्कुलात राष्ट्रीय छात्र सेनेच्या ज्युनिअर डिव्हिजनचे ५० मुलामुलींचे पथक आहे आणि माझी मुलगी नववीत, म्हणजे पथकाच्या दुसऱ्या वर्षात आहे. पोळ्याच्या आधी झालेल्या पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत पथकाला मदत करण्यासाठी सात जणांची समिती नेमावी असे ठरले आणि तिचे अध्यक्षपद माझ्याकडे आले. मी त्या दिवशी बैठकीला वेळेवर पोहोचलो होतो, यापलीकडे माझी दुसरी कोणतीही पात्रता नाही.

समितीची गरज का पडली ते सांगतो. पथकातील निम्मी मुले आजूबाजूच्या चार गावांतून येतात आणि रविवारच्या परेडसाठी सकाळी सहाला घर सोडतात. गेल्या वर्षी भर परेडमध्ये एक मुलगा चक्कर येऊन पडला तेव्हा त्याने आदल्या रात्रीनंतर काहीच खाल्ले नव्हते असे कळले. त्यानंतर दहा दिवसांचे वार्षिक शिबिर आले. जाण्यायेण्याच्या गाडीसाठी प्रत्येक पालकाकडून ऐन वेळी दोनशे रुपये मागण्यात आले आणि आठवीतल्या दोन मुली घरीच राहिल्या. त्यांच्यापैकी एकीच्या वडिलांनी पोरीला ताप असल्याचे सांगितले. ताप नव्हता, हे माझ्या मुलीला माहीत होते आणि तिच्याकडून मला कळले. ‘ए’ प्रमाणपत्राच्या परीक्षेला बसण्यासाठी शिबिर आवश्यक असते, त्यामुळे या दोघींना आता या वर्षीचे शिबिर हीच शेवटची संधी उरली आहे.

मी मांडलेला हिशेब असा आहे. एका परेडला ५० मुलांचा नाश्ता १५ रुपयांप्रमाणे ७५० रुपयांचा होतो आणि वर्षाकाठी साधारण ३० परेड धरल्या तर २२,५०० रुपये लागतात. शिबिराचा आणि २६ जानेवारीच्या सरावाचा प्रवास १२,००० रुपयांच्या घरात जाईल. बुटांचे तळवे, पॉलिश, प्रथमोपचाराची पेटी आणि फुटलेल्या ढोलाचे पान यांसाठी ५,५०० रुपये धरले आहेत. एकूण ४०,००० रुपये झाले. ही रक्कम कोणाकडे मागावी, कोणाच्या नावावर जमा करावी आणि आमदार निधी किंवा कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक दायित्वाचा निधी) अशा कामाला मिळतो का, हे जाणकारांनी कृपया सांगावे. शेजारच्या एका गावात काही वर्षांपूर्वी अशीच वर्गणी एका सदस्याच्या स्वतःच्या खात्यात ठेवली गेली होती. वर्षअखेरीस किती आले आणि किती गेले हे कोणालाच सांगता आले नाही, आणि समितीबरोबर पथकाचाही उत्साह मावळला. तशी पाळी आमच्यावर येऊ नये, एवढीच इच्छा आहे.

उत्तर: निवृत्त सुभेदार (जि. बुलढाणा)

आपण हिशेब कागदावर मांडूनच प्रश्न विचारला, याचे समाधान वाटले. बहुतेक ठिकाणी आधी पावतीपुस्तक छापले जाते आणि खर्चाचा विचार नंतर होतो.

पहिली गोष्ट अशी की, सरकार काय देते हे नीट समजून घेतल्याशिवाय एक रुपयाही गोळा करू नका. छात्र सेना १९४८ च्या कायद्याने उभी राहिली असून ती संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत चालते आणि तिचा खर्च केंद्र व राज्य सरकार मिळून उचलतात. शिकवायला येणारे लष्करी हवालदार, शस्त्र प्रशिक्षण, शिबिरातील जेवण आणि मुक्काम यांचा भार पालकांवर नसतो. गणवेशाची रक्कम अलीकडे थेट कॅडेटच्या बँक खात्यात जमा करण्याची पद्धत आली आहे. परेडच्या अल्पोपाहारासाठीही भत्ता असतो, मात्र तो बिले सादर झाल्यानंतर आणि बहुधा उशिराच येतो. म्हणून शाळेतील एनसीसी अधिकारी सरांबरोबर तासभर बसा आणि कोणती रक्कम येणे आहे, कोणती आली आणि कोणती अडकली आहे याची यादी करा. आपले ४०,००० रुपये त्यानंतर बरेच कमी होतील किंवा किमान त्यातील काही भाग केवळ उसना द्यावा लागेल.

यावरूनच एक उपाय सुचवतो, जो मी ज्या शाळेत मदत करतो तिथे कामी आला. आम्ही १५,००० रुपयांचा फिरता निधी बाजूला ठेवला आहे. मुलाच्या खात्याला आधार जोडलेले नसते, कधी खातेच बंद पडलेले असते आणि गणवेशाचे पैसे चार-चार महिने येत नाहीत. तोवर ते पोर साध्या पँटवर रांगेच्या शेवटी उभे राहते. आम्ही कापड आणि बूट या निधीतून घेऊन देतो आणि पैसे जमा झाले की पालक ते परत आणून देतात. दोन वर्षांत फक्त एका घराकडून रक्कम परत आली नाही आणि त्या घरची परिस्थिती पाहून आम्ही ती मागितलीही नाही.

शाळेचे पथक नियमित योजनेतील आहे की पूर्णतः स्वयंअर्थसहाय्यित योजनेतील आहे, हेही पाहून घ्या. दुसऱ्या प्रकारात खर्चाचा भार संस्थेवर असतो आणि मग आपला हिशेब पार बदलून जाईल.

दुसरी गोष्ट थोडी कडवट आहे. पैसा समितीचा आणि मैदान अधिकाऱ्यांचे, ही रेघ पहिल्या बैठकीतच ओढून घ्या. एनसीसी अधिकारी असलेल्या शिक्षकाने रोख रकमेला हात लावू नये आणि समितीच्या माणसाने परेडमध्ये बोलू नये. एका ठिकाणी मी पाहिले आहे की, पाच हजारांची देणगी देणाऱ्या गृहस्थांना आपला पुतण्या सार्जंट झालेला हवा होता. त्याला फीत मिळाली, आणि पुढच्या रविवारी ज्या पोरीचा तो मान होता ती आलीच नाही. देणगीदाराचे आभार सूचना फलकावर मानावेत, मैदानावर त्याच्या छायाचित्राचा फलक लावू नये. बटालियनकडून कोणी पाहणीला आले तर चहा पाजावा. शाल, श्रीफळ आणि जेवणावळ हा समितीचा खर्च नाही. असे पाहुणे स्वतःहून काही मागत नाहीत. आपणच अति करतो.

उत्तर: जमाखर्च (जि. अमरावती)

मी सहकारी बँकेतून निवृत्त झालो असून गावच्या सप्ताह समितीचे हिशेब बारा वर्षे लिहितो आहे, त्यामुळे प्रश्नाच्या ‘कोणाच्या नावावर’ या भागावर जरा विस्ताराने लिहितो.

४०,००० रुपयांसाठी नवा न्यास नोंदवू नका. संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली सात जणांची संस्था करता येते आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली तिची नोंदही होते. परंतु त्यानंतर दरवर्षीचे लेखापरीक्षण आले, आणि एखादा सदस्य बदलला तरी ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट (बदलाचा अहवाल) दाखल करणे आले. मुले दोन वर्षांत पथकातून बाहेर पडतात, त्यांच्याबरोबर पालकही बाहेर पडतात, आणि मग न्यासाच्या कागदावर ज्यांचा आता शाळेशी काहीही संबंध उरला नाही अशी माणसे पंधरा-पंधरा वर्षे विश्वस्त म्हणून राहतात. आमच्या तालुक्यात अशा मेलेल्या संस्था कमी नाहीत.

त्यापेक्षा शाळेचा माजी विद्यार्थी संघ नोंदणीकृत असेल तर त्याच्या छत्राखाली, नसेल तर शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या ठरावाने, ‘एनसीसी साहाय्य निधी’ असे स्वतंत्र बचत खाते उघडावे. त्यावर तीनपैकी कोणत्याही दोघांच्या सह्या असाव्यात आणि त्या तिघांत एक पालक माता असावी. मुख्याध्यापकांची सही त्यात ठेवू नये, असे माझे मत आहे. ते प्रामाणिक नसतात म्हणून नव्हे, तर त्यांची बदली किंवा निवृत्ती झाली की खाते सहा महिने गोठून पडते म्हणून.

समजा यांपैकी काहीच जमले नाही आणि आपण नोंदणीविनाच वर्गणी मागायला निघालात, तर त्याच १९५० च्या कायद्याचे कलम ४१ सी लक्षात ठेवा. गणेश मंडळे दरवर्षी धर्मादाय कार्यालयाकडून जी परवानगी काढतात ती याच कलमाखाली असते. पावतीपुस्तकावर अनुक्रमांक छापलेले असावेत आणि कोणते पुस्तक कोणाकडे दिले याची नोंद असावी. पुस्तक संपले की अर्धुके परत घेतल्याशिवाय दुसरे पुस्तक देऊ नये. गावातील भांडणांपैकी निम्मी न सापडणाऱ्या पावतीपुस्तकावरून होतात.

आता पैसा कुठून आणायचा ते पाहू. आमदार स्थानिक विकास निधी नाश्त्याला किंवा गाडीभाड्याला मिळत नाही, कारण तो कायमस्वरूपी मालमत्तेसाठी असतो आणि जिल्हा नियोजन कार्यालयामार्फत खर्च होतो. खासदार निधीचेही तसेच आहे. त्यामुळे त्यांच्याकडे जायचे तर मैदानालगत एक शेड, मुलींसाठी कपडे बदलण्याची खोली, पाण्याची टाकी, अशा कामांचे पत्र घेऊन जावे आणि एका वेळी एकच काम मागावे. ग्रामपंचायतीला आपल्या स्वतःच्या उत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करायची असते. त्यातून मुलींच्या सोयीसाठी काही करता येईल का, हे ग्रामसेवकांना विचारा आणि ग्रामसभेत विषय मांडून ठराव करून घ्या. सरपंचांच्या तोंडी आश्वासनाची किंमत पुढच्या निवडणुकीपर्यंतच असते.

सीएसआरची सक्ती कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार फक्त मोठ्या कंपन्यांना आहे. वर्षाचा निव्वळ नफा ५ कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा नक्त मत्ता ५०० कोटी रुपये, यांपैकी एखादी अट पूर्ण करणाऱ्या कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम खर्च करावी लागते. शिवाय ती रक्कम घेणाऱ्या संस्थेची कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ नोंदणी लागते. विदर्भात वेकोलि (कोळसा खाणी) आणि मॉइल (मँगनीज खाणी) या सरकारी कंपन्यांचे नाव सगळे घेतात, पण सीएसआरच्या खर्चात स्वतःच्या परिसराला प्राधान्य द्यावे असे कायद्यातच म्हटले आहे, आणि त्यांचा परिसर म्हणजे खाणपट्ट्यातील गावे. हिंगणघाटकडच्या माणसाने त्यांच्या दारात बसून वर्ष घालवण्यापेक्षा जवळच्या जिनिंगच्या मालकाला भेटावे. त्याला सीएसआर लागू नसेल, तरी ज्यांचा कापूस त्याच्याकडे येतो त्यांचीच ही मुले आहेत. अशा देणगीदाराला आयकराची ८० जी सवलत हवी असेल तर देणगी ८० जी असलेल्या संस्थेच्या नावे आणि धनादेशानेच घ्यावी, कारण दोन हजारांवरील रोख देणगीला ती सवलत मिळत नाही.

मात्र माझ्या मते खरी अडचण रकमेची नाही, महिन्याची आहे. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, त्याच वेळी पथकाची भरती होते आणि नेमके तेव्हाच शेतकऱ्याचे सगळे पैसे बियाणे आणि खतात गेलेले असतात. जुलैमध्ये दोनशे रुपये मागणे आणि डिसेंबरमध्ये पाचशे मागणे यांत डिसेंबर सोपा. सोयाबीन विकले गेल्यावर आणि कापसाचा चुकारा हाती आल्यावर पुढच्या वर्षासाठीची वर्गणी घ्या. म्हणजे यंदाचा पैसा पुढच्या जूनला खात्यात तयार असेल आणि कोणाच्याही दारात आशाळभूतपणे उभे राहावे लागणार नाही. पहिल्या वर्षीची खिंड तेवढी दोन-चार ऐपतदार माणसांकडून लढवून घ्यावी. जे रोख देऊ शकत नाहीत त्यांच्याकडून हरभरा, तूर, भुईमूग पायलीने घ्यावा आणि त्याचीही पावती फाडावी. आम्ही सप्ताहात हेच करतो.

काल्याच्या दिवशी महाप्रसादाच्या पंगती बसण्याआधी आम्ही ध्वनिक्षेपकावरून संपूर्ण जमाखर्च वाचून दाखवतो, अगदी ‘दोरी ४० रुपये’ इथपर्यंत. लोक कंटाळतात, मुले पळून जातात, पण बारा वर्षांत एकाही माणसाने हिशेबाबद्दल विचारणा केलेली नाही. आपण नोव्हेंबरच्या चौथ्या रविवारी, म्हणजे एनसीसी दिनाला, असेच वाचन ठेवावे.

उत्तर: बचतगटातली आई (जि. यवतमाळ)

कपाशीवाले भाऊ, नमस्कार. जमाखर्च काकांनी खात्याचे सांगितले, मी ताटाचे सांगते. आमचा महिला बचत गट दोन वर्षांपासून शाळेच्या पथकाला नाश्ता पुरवतो.

सुरुवातीला आम्हीही पोहे आणि वर तर्री देत होतो. मुले खूश असत, पण परेडच्या आधी तिखट खाऊन उन्हात पळायचे म्हणजे पोटात कळ येते, आणि परेडच्या नंतर द्यायचे म्हणजे मूल दोन तास उपाशी. आता आम्ही दोन भाग केले आहेत. मूल मैदानावर आले की आधी गुळाचा खडा, मूठभर शेंगदाणे आणि एक केळ. परेड संपली की रात्रभर भिजवून उकडलेला हरभरा, त्यावर कांदा आणि लिंबू. हरभरा आणि शेंगदाणे पालकांकडून धान्यात येतात, म्हणून आम्हाला १४ रुपयांत ताट परवडते आणि गटाला दोन पैसे उरतात. भांडी गुरुदेव सेवा मंडळाकडून घेतो, घासून परत करतो. चक्कर आलेल्या मुलाचे आपण लिहिले. परेडच्या आधी ‘कोण खाऊन आले नाही’ असे सर्वांसमोर विचारले तर कोणीही हात वर करणार नाही. म्हणून विचारायचेच नाही, सगळ्यांना द्यायचे.

शिबिराच्या पैशांबद्दलही माझे हेच म्हणणे आहे. ज्यांना जमत नाही त्यांनी सांगावे, असे म्हणू नका. सांगण्यापेक्षा बाप ताप आल्याचे कारण देईल, आणि आपल्याकडे तसे झालेच आहे. गाडीभाडे पन्नासही मुलांचे समितीने भरावे. ज्याच्याकडे आहे तो पालक डिसेंबरमध्ये जास्त वर्गणी देईल.

मुलींच्या बाबतीत पैशाआधी बसचा विचार करावा. सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातल्या निळ्या एसटी बस मुलींना शाळेत विनामूल्य आणतात, पण त्या शाळेच्या दिवशी आणि शाळेच्या वेळेलाच धावतात. रविवारी परेड ठेवली की त्या सोयीचा उपयोग नाही आणि बाहेरगावच्या मुली आपोआप गळतात. आपल्या तालुक्यात ही बस असेल तर परेड शनिवारी शाळा सुटल्यावर घेता येईल का, हे सरांना विचारा. आमच्याकडे तसे केल्यावर मुली पुन्हा येऊ लागल्या.

आणि शिबिराला मुलगी दहा दिवस पाठवायची म्हणजे घरातली आजीसुद्धा प्रश्न विचारते. तिथे मुलींसोबत बाई कोण, झोपायचे कुठे, फोन करता येईल का. संमतीपत्र पोरीच्या हाती घरी धाडले तर ते दप्तरातच राहते. आमच्या समितीतल्या दोन आया प्रत्येक घरी जाऊन चुलीपाशी बसतात आणि आपल्या स्वतःच्या मुलीचा शिबिरातला फोटो दाखवतात. त्याला खर्च शून्य रुपये येतो. एका छोट्या थैलीत सॅनिटरी पॅड, साबण, सेफ्टी पिना आणि सुईदोरा भरून प्रत्येक मुलीला देतो, तो मात्र खर्चात धरावा.

उत्तर: परदेशी वऱ्हाडी (मूळ अचलपूर, सध्या कॅनडा)

माझा मुलगा इथे आर्मी कॅडेट आहे, म्हणून इथली पद्धत सांगतो. तुलना करण्यासाठी नव्हे, त्यातले काही घेता आले तर पाहावे यासाठी. कॅनडात १२ ते १८ वयाच्या मुलांसाठी नौदल, भूदल आणि हवाई अशी तीन कॅडेट दले आहेत. गणवेश, प्रशिक्षण आणि अधिकारी यांची जबाबदारी संरक्षण खात्याकडे असते, आणि प्रत्येक स्थानिक पथकामागे गावातील स्वयंसेवकांची एक प्रायोजक समिती असते. जागा मिळवणे, पैसा उभारणे, सरकार देत नाही अशा उपक्रमांचा खर्च भागवणे हे तिचे काम. मुलाला दाखल करायला शुल्क नाही. सुभेदार साहेबांनी सांगितलेली रेघ इथे व्यवस्थेतच आखलेली आहे.

दोन गोष्टी मला विशेष वाटल्या. समितीत येणाऱ्या प्रत्येक स्वयंसेवकाची आधी पोलिसांकडून पडताळणी होते, मग तो कितीही प्रतिष्ठित असो. आपल्याकडे मुलांसोबत प्रवासाला जाणाऱ्या सदस्यांपुरते तरी हे करावे, असे मला वाटते. दुसरी म्हणजे ‘टॅग डे’. त्या दिवशी गणवेशातील कॅडेट दुकानांबाहेर डबा घेऊन उभे राहतात आणि लोक त्यात पैसे टाकतात. पथकाचा बराच खर्च त्यातून निघतो. आपल्या बाजाराच्या दिवशी असे काही करता येईल का?

उत्तर: निवृत्त सुभेदार (जि. बुलढाणा)

पडताळणीची सूचना उत्तम आहे. डबा घेऊन उभे राहण्याच्या सूचनेला मात्र माझा विरोध आहे. आपल्याकडे ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन असतो, १९४९ पासून तो पाळला जातो आणि आपले कॅडेटही त्याचा निधी गोळा करतात. ती रक्कम जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत माजी सैनिक आणि वीरपत्नींच्या कल्याणासाठी जाते. त्याच गणवेशात तेच मूल पुढच्या बाजाराला दुसऱ्या निधीसाठी डबा धरून दिसले, तर गावकऱ्याला दोन्हींतला फरक कळणार नाही आणि दोन्हींवरचा विश्वास जाईल. मोठ्यांनी मागावे, मुलांना मागायला लावू नये.

उत्तर: मैदानावरचा शिक्षक (जि. भंडारा)

मी स्वतः एनसीसी अधिकारी आहे आणि वरील सर्व चर्चा वाचून मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. पैशाअभावी बंद पडलेले पथक मी पाहिले नाही. शिक्षकाअभावी बंद पडलेली पाहिली आहेत.

ज्युनिअर डिव्हिजनच्या अधिकाऱ्याचे प्रशिक्षण कामठीच्या अकादमीत होते, महिला शिक्षकांचे ग्वाल्हेरला. शाळेला इतके आठवडे एक शिक्षक मोकळा करावा लागतो, आणि संस्थाचालकांना ते जिवावर येते. प्रशिक्षण घेऊन आलेला शिक्षक निवृत्त झाला की पथक काळजीवाहू शिक्षकावर येते, तो आधीच तीन विषय शिकवत असतो, परेडची संख्या घटते, हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली जाते आणि मुले परीक्षेला अपात्र ठरतात. आपली समिती खरोखर काही करणार असेल, तर तिने संस्थेकडे लेखी मागणी करावी की सध्याचे अधिकारी निवृत्त होण्याच्या आधीच दुसऱ्या शिक्षकाचे, शक्यतो शिक्षिकेचे, नाव पाठवावे. पालकांच्या पत्राचे जे वजन संस्थाचालकांवर पडते ते माझ्या विनंतीचे पडत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

दुसरी मदत कारकुनीची. प्रत्येक मुलाचे बँक पासबुक, आधार, ऑनलाइन नोंदणी, वैद्यकीय प्रमाणपत्र, संमतीपत्र हे सारे मी रात्री घरी बसून करतो. संगणक येणारा एक पालक जुलैत दहा दिवस संध्याकाळी शाळेत बसला, तर त्याची किंमत माझ्या लेखी दहा हजारांच्या देणगीहून जास्त आहे. ताईंच्या शनिवारच्या सूचनेबद्दल एवढेच सांगतो की, हवालदार एकाच दिवशी दोन-तीन शाळा करतात, त्यामुळे वार बदलायचा तर बटालियनला सत्राच्या सुरुवातीलाच कळवावे लागते. मधेच मागितला तर मिळत नाही, आणि त्यात त्यांची चूक नसते.

प्रश्नकर्ता: कपाशीवाला

सर्वांचे मनःपूर्वक आभार. रविवारी समितीची बैठक घेतली आणि ही सर्व उत्तरे मोठ्याने वाचून दाखवली. सुभेदार साहेबांच्या सांगण्याप्रमाणे सरांबरोबर बसल्यावर कळले की आमचे पथक नियमित योजनेतलेच आहे, गेल्या वर्षीच्या अल्पोपाहाराची बिले सादर करायची राहून गेली होती आणि अकरा मुलांच्या खात्यांना आधार जोडलेले नाही. जिल्हा बँकेत काम करणारे एक पालक त्या अकरा घरांमागे लागले आहेत.

माजी विद्यार्थी संघ नोंदणीकृत निघाला, त्यांनी स्वतंत्र खात्याचा ठराव दिला आहे. नाश्ता आमच्या गावच्या गटाने १४ रुपयांत घ्यायचे मान्य केले, म्हणजे २१,००० रुपये. शिबिराचे भाडे पन्नासही मुलांचे समिती भरणार, यावर दोन सदस्यांचा विरोध होता. ऐपत असलेल्यांचे भाडे आपण का भरायचे, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते अगदीच गैर नाही, पण मतदान घेऊन विषय संपवला. दुसऱ्या शिक्षिकेच्या नावासाठी संस्थेला पत्र दिले आहे. उत्तर आलेले नाही. वार बदलणे यंदा शक्य नसल्यामुळे रविवारच्या गाडीसाठी आगारात अर्ज दिला आहे, त्याचेही उत्तर आलेले नाही.

माझी पत्नी आणि आणखी एक आई काल त्या दोन मुलींच्या घरी जाऊन आल्या. पहिल्या घरी चहा झाला, आजीने बरेच प्रश्न विचारले आणि शेवटी बापाने संमतीपत्रावर सही केली. पैशाचा विषय दोन्ही बाजूंनी निघाला नाही. दुसऱ्या घराला कुलूप होते, सगळे सोयाबीन सोंगायला गेले होते. उद्या सकाळी वावरातच जाणार आहेत.